व्हीपीएफ, एनपीएस आणि माझ्या मुलीची पोटगी

ऑगस्ट २०२४ मध्ये माझ्या मुलीच्या बाबांच्या खात्यात पगाराचे १,०२,८०० रुपये जमा झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ५४,१५०. नोकरी तीच, हुद्दा तोच, कंपनीत कुणाचाही पगार कापलेला नाही. मधल्या काळात घडलं एवढंच, की मुलीच्या खर्चासाठी मी केलेला अर्ज त्याच्या वकिलांच्या हातात पडला.

मी दादरला एका सीएच्या ऑफिसात काम करते. लोकांचे रिटर्न भरायचे, फॉर्म १६ (मालकाने दिलेला पगाराचा आणि कराचा दाखला) तपासायचे, कुणाचा टीडीएस (पगारातून आधीच कापलेला कर) कुठे अडकलाय ते शोधायचं, हे माझं रोजचं काम. हे आकडे मला चटकन वाचता आले ते त्या सवयीमुळे. सगळ्याच बायकांना ती सवय नसते, म्हणून सविस्तर लिहितेय. पोटगीच्या केसमध्ये नवरा उत्पन्न लपवतो म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रोखीचा धंदा येतो, नाहीतर भावाच्या नावावरचं दुकान. पगारदार माणूस काय लपवणार, सगळं तर कागदावर असतं, असं मलाही सगळे सांगत होते. खरंच होतं ते. त्याने काही लपवलं नव्हतं, फक्त बचत वाढवली होती. आणि बचतीला नावं ठेवायची आपल्या घरांत पद्धतच नाही.

२०२३ च्या दिवाळीपासून आम्ही वेगळे राहतो. मुलीला घेऊन मी विक्रोळीला, कन्नमवार नगरात आई-बाबांकडे आले. का आले ते इथे लिहीत नाही, त्याचा या विषयाशी संबंध नाही. जून २०२४ मध्ये त्याने वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात घटस्फोटाची याचिका टाकली. समुपदेशकांपुढे बसून झालं, त्यातून काही निघालं नाही. ऑगस्टमध्ये त्याच याचिकेत मी मुलीसाठी अंतरिम पोटगीचा अर्ज दिला, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली. माझा पगार २८,००० आहे. स्वतःसाठी मी काही मागितलं नाही. वकीलबाईंनी विचारलं, "तुम्हाला नको?" मी नको म्हटल्यावर म्हणाल्या, "ठीक आहे. पण तो मोठेपणा म्हणून साक्षीत सांगत बसू नका. कोर्टात त्याचे मार्क मिळत नाहीत."

मुलगी तेव्हा सहावीत. शाळेची फी वर्षाला ८४,०००, म्हणजे महिना ७,०००. बस २,८००. क्लास ३,०००. डोळ्यांचा नंबर दर वर्षी बदलतो, दातांना तार लावायचीय, वह्या-पुस्तकं, कपडे, खाणंपिणं, आई-बाबांच्या घराच्या खर्चातला वाटा. सगळं धरून महिना ३४,००० होत होते आणि त्यातले २५,००० मी मागितले. तो तेव्हा स्वतःहून महिना ८,००० पाठवत होता. मुलांच्या पोटगीचा असा अर्ज, समोरच्याला नोटीस पोचल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असं कलम २६ मध्ये लिहिलेलं आहे. शक्यतो हा त्यातला महत्त्वाचा शब्द.

आता प्रतिज्ञापत्राबद्दल, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात पोटगीसाठी देशभर लागू होणारे नियम घालून दिले. मूळ प्रकरण आपल्या नागपूरच्या कुटुंब न्यायालयातलं. तेव्हापासून पोटगीच्या प्रत्येक अर्जात दोन्ही बाजूंनी आपली मालमत्ता, देणी, उत्पन्न आणि खर्च प्रतिज्ञापत्रावर द्यावे लागतात. त्याचा छापील नमुनाच निकालाला जोडलेला आहे. खासगी नोकरी असेल तर मालकाचं प्रमाणपत्र, त्यात हुद्दा आणि कपातीआधीचा पगार. सोबत फॉर्म १६. आयकर भरत असाल तर लग्नाच्या आदल्या वर्षीचं, वेगळं होण्याच्या आदल्या वर्षीचं आणि अर्जाच्या वेळचं रिटर्न. आणि सगळ्या बँक खात्यांची मागच्या तीन वर्षांची स्टेटमेंट.

हा नमुना भरताना बायका वैतागतात. मीही वैतागले होते. माझं सोनं किती, माझ्या नावावर काय, माहेरी भाडं देते का, सगळं लिहायचं. पण तीन वर्षांच्या स्टेटमेंटची अट ज्यांनी घातली त्यांना पगारदार माणूस नीट ओळखता येत होता.

त्याचं प्रतिज्ञापत्र जानेवारी २०२५ मध्ये आलं. "मासिक उत्पन्न : रु. ५४,१५०." खाली ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरच्या स्लिपा. एकूण पगार १,११,६००. त्यातून पीएफ ७,२००, व्हीपीएफ ३०,०००, व्यवसाय कर २००, टीडीएस ८,०५०, कर्मचारी पतसंस्थेचा हप्ता १२,०००. बेरीज-वजाबाकी अचूक. एक रुपया इकडचा तिकडे नाही.

एकेक ओळ घेऊ. पीएफ ७,२०० म्हणजे बेसिक ६०,००० चे १२ टक्के. ही कपात त्याला टाळता येत नाही, नोकरीच्या अटींतच आहे. तितकीच रक्कम कंपनी घालते; तिच्यातून जास्तीत जास्त १,२५० पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले पीएफमध्ये. तसं काटेकोर बोलायचं तर कायद्याची सक्ती १५,००० च्या पगारापुरती आहे, म्हणजे १,८०० रुपये. हा मुद्दा मी वकीलबाईंना मोठ्या उत्साहाने सांगितला. त्यांनी तो बाजूला ठेवला. "७,२०० तो पहिल्या दिवसापासून भरतोय. त्याला हात लावलात तर बाकीचे मुद्देही किरकिर वाटतील." हे मला पटायला वेळ लागला, पण पटलं.

व्हीपीएफ, म्हणजे ऐच्छिक भविष्य निर्वाह निधी. नावातच ऐच्छिक आहे. १२ टक्क्यांच्या वर, बेसिकच्या शंभर टक्क्यांपर्यंत कितीही रक्कम पगारातून कापून घ्या असं कंपनीला सांगता येतं. व्याज पीएफचंच, २०२३-२४ साठी ८.२५ टक्के. चांगली योजना आहे, आमच्या ऑफिसातल्या अशिलांना मीच सुचवते. त्याच्या कंपनीत हा आकडा एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये बदलता येतो. लग्नाच्या सगळ्या वर्षांत, अगदी दोघांचे पगार नीट चालू होते तेव्हाही, त्याने व्हीपीएफ कधी भरला नव्हता. पहिली कपात ऑक्टोबर २०२४ ची, थेट बेसिकच्या निम्मी.

पतसंस्थेचं कर्ज सप्टेंबर २०२४ चं. कारण : घरगुती अडचण. त्यानेच जोडलेल्या बँक स्टेटमेंटमध्ये कर्जाची रक्कम आलेली दिसते, आणि त्याच आठवड्यात ती मुदत ठेवीत गेलेलीही दिसते. अडचण आठवड्यात मिटली असावी.

चौथी गोष्ट स्लिपवर नव्हती, आणि ती शोधताना मला खरी मजा आली. ऑगस्टपर्यंत त्याचा एकूण पगार १,२०,००० होता, ऑक्टोबरपासून १,११,६००. पगार वाढत नाही तेव्हा निदान तेवढाच राहतो. हे ८,४०० गेले कुठे? ८,४०० म्हणजे ६०,००० चे बरोबर १४ टक्के. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीतल्या खासगी नोकरदारांसाठी मालकाकडून एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, जाणाऱ्या वर्गणीवरची वजावट १० वरून १४ टक्के केली. अनेक कंपन्या कर्मचाऱ्याला विचारतात, तुमच्या विशेष भत्त्यातून काढून ही रक्कम 'कंपनीची वर्गणी' म्हणून एनपीएसमध्ये टाकू का? हो म्हटलं की स्लिपवरचा भत्ता तेवढ्याने आटतो. कपातीच्या रकान्यात काही दिसत नाही, कारण कपात झालेलीच नसते. पगारच मुळात कमी दिसतो. पैसा त्याचाच, त्याच्याच एनपीएस खात्यात, साठीपर्यंत.

माझा हा अंदाज होता, पुरावा नव्हता. पुरावा फॉर्म १६ मध्ये मिळतो, कारण मालकाची एनपीएस वर्गणी आयकरात आधी पगारात धरावी लागते आणि मग कलम ८०सीसीडी(२) खाली वजा होते. दोन्ही नोंदी कागदावर येतात. पण २०२४-२५ चा फॉर्म १६ जून २०२५ च्या आधी हाती येणार नव्हता. मग वकीलबाईंनी कागदपत्रं हजर करण्याचा अर्ज दिला : एप्रिल २०२३ पासूनच्या सगळ्या स्लिपा, व्हीपीएफ सुरू करण्यासाठी कंपनीला दिलेलं पत्र किंवा मेल, पगाराच्या रचनेतल्या बदलाचं पत्र, पीएफचं पासबुक, एनपीएसचं स्टेटमेंट, दोन्ही वर्षांचे फॉर्म १६. समोरून 'से', म्हणजे लेखी उत्तर, आला की ही खासगी माहिती आहे. कोर्टाने अर्ज मंजूर केला. कागद यायला जून उजाडला.

घरी वेगळंच चाललं होतं. बाबा माझ्या बाजूचे, पण या एका मुद्द्यावर त्यांचं मन घेत नव्हतं. ते भांडुपच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत आयुष्यभर राहिले. त्यांच्या लेखी पीएफ म्हणजे देवघरातला पैसा. माझ्या लग्नाला त्यांनी त्यातूनच आगाऊ रक्कम काढली होती आणि आजही त्यांची पेन्शन महिना तीन हजारांच्या आत आहे. "अगं, म्हातारपणाची सोय केली तर त्यात त्याचं काय चुकलं? मला बघ. तेव्हा मी दोन पैसे जास्त टाकले असते तर आज तुझ्या आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन अडलं नसतं." मी म्हटलं, बाबा, तुम्ही माझी फी न भरता जास्तीचा पीएफ भरला असता का? ते म्हणाले, "तसं कोण करतं?" आणि मग गप्प झाले. बाबांनीच मला दुसरी गोष्ट सांगितली, जी त्यांच्या युनियनमध्ये सगळ्यांना पाठ होती : पीएफच्या पैशावर कुठल्याही कोर्टाची जप्ती येत नाही. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याचं कलम १०. कामगाराचं म्हातारपण सावकाराच्या तावडीतून वाचावं म्हणून केलेली तरतूद, आणि चांगलीच आहे. पण म्हणजे मुलीसाठी मागायचं ते पैसा तिकडे जाण्याआधी मागायला हवं. एकदा तिकडे गेला की दिसतो, हाती येत नाही.

याच सुमारास लेस्टरला राहणाऱ्या माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीशी बोलणं झालं. तिचाही घटस्फोट झालाय, मुलगा तिच्याकडे. तिच्याकडे हाच प्रकार वेगळ्या रूपात चालतो. ब्रिटनमध्ये मुलाच्या पोटगीचा हिशोब चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिस नावाची सरकारी यंत्रणा सूत्राने करते. उत्पन्नाचा आकडा कर खात्याकडून येतो आणि त्यातून पेन्शनची वर्गणी आधीच वजा होते. नियमच तसा आहे, त्यात चोरी नाही. एका मुलासाठी आठवड्याच्या ८०० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर १२ टक्के. म्हणजे ८०० पौंड मिळवणाऱ्या बापाने ९६ द्यायचे. त्याने आठवड्याला २०० पेन्शनमध्ये टाकायला सुरुवात केली की उत्पन्न धरलं जातं ६०० आणि पोटगी होते ७२. हे मुद्दाम चाललंय असं वाटलं तर आईने स्वतः फेरबदलाचा अर्ज करायचा आणि उत्पन्न दुसरीकडे वळवलं जातंय हे दाखवायचं. वर्गणी वाजवीपेक्षा जास्त आहे का ते मग बघितलं जातं. मैत्रीण म्हणाली, "तुमच्याकडे बरंय, जज समोर असतो, त्याला सांगता येतं." मी म्हटलं, तुमच्याकडे बरंय, सूत्र आहे, तारीख नाही. दोघींनाही दुसरीचं बरं वाटत होतं.

आपल्याकडे सूत्र नाही हे मात्र खरं. २५ टक्क्यांचा आकडा जो तो सांगतो, तो २०१७ च्या एका निकालातून आलाय. कल्याण डे चौधुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम बायकोच्या पोटगीसाठी योग्य ठरेल असं म्हटलं. तो अंदाज आहे, कायदा नाही, आणि मुलाच्या खर्चाला तर तो मोजपट्टी म्हणून लावताच येत नाही. पण वकिलांच्या तोंडी तो बसलाय. त्यामुळे भांडण येऊन थांबतं ते 'निव्वळ' कशाला म्हणायचं यावर. ५४,१५० चे २५ टक्के साडेतेरा हजार. १,०२,८०० चे २५,७००. हा फरक एका मेलने पडतो, कंपनीच्या एचआरला पाठवलेल्या.

यावर जुना निकाल आहे आणि तो सापडला तेव्हा वकीलबाईंपेक्षा मलाच जास्त आनंद झाला. १९७० चा, डॉक्टर कुलभूषण कुमार यांच्या प्रकरणातला. नवऱ्याच्या उत्पन्नातून काय काय वजा करू द्यायचं हा प्रश्न तेव्हाही आला होता. सर्वोच्च न्यायालयाने आयकर वजा करू दिला, पीएफची सक्तीने भरावी लागणारी वर्गणी वजा करू दिली. घरभाडं आणि विजेचं बिल मात्र नाही. सक्तीने भरावी लागणारी, एवढ्या दोन-तीन शब्दांत माझं निम्मं काम झालं. तेव्हा व्हीपीएफचा ३०,००० चा हप्ता कुणाच्या स्वप्नातही नसेल.

सुनावणीसाठी मी एक पानी तक्ता केला. डावीकडे ऑगस्ट, उजवीकडे ऑक्टोबर, शेवटच्या रकान्यात ती नोंद कुठल्या पानावर आहे ते. पहिल्या मसुद्यावर मी 'कटकारस्थान' आणि 'फसवणूक' असे शब्द घातले होते. वकीलबाईंनी लाल पेनाने दोन्ही उडवले. "आकडा लिहा, तारीख लिहा, पान लिहा. बाकीचं जजसाहेबांना सुचू द्या." मी त्यात एकच गोष्ट वाढवली : तारखांचा रकाना. अर्ज पोचल्याची तारीख, त्यानंतर कर्ज, त्यानंतर व्हीपीएफ, त्यानंतर एनपीएस. तीन महिन्यांच्या आत सगळं.

त्याच्या वकिलांनी तीन मुद्दे मांडले. ते माणूस म्हणून सभ्य आहेत, आवाज चढवत नाहीत, त्यामुळे ऐकणाऱ्याला मुद्दे खरे वाटतात.

पहिला, करबचत. यावर मी वाटच बघत होते. तो नव्या करप्रणालीत आहे, फॉर्म १६ वर तसं लिहिलंय. आणि नव्या प्रणालीत ८०सी ची, म्हणजे पीएफसारख्या बचतीवरची, वजावट नाहीच. व्हीपीएफवर त्याचा एक रुपया कर वाचत नाही. उलट १ एप्रिल २०२१ पासून कर्मचाऱ्याची स्वतःची वर्गणी वर्षाला अडीच लाखांच्या वर गेली तर वरच्या भागाच्या व्याजावर कर लागतो. त्याची वर्गणी दरमहा ३७,२००, म्हणजे वर्षाला ४,४६,४००. कर वाचवायला निघालेला माणूस असा रस्ता धरत नाही. एनपीएसवर कर वाचतो, महिना साधारण पावणेदोन हजार. पण त्यासाठी ८,४०० उत्पन्नातून गायब होतात. हे वकीलबाईंनी अर्ध्या मिनिटात सांगितलं. मी घरी आरशासमोर दहा मिनिटं बोलून बघितलं होतं.

दुसरा, पीएफला नॉमिनी मुलगीच आहे, शेवटी पैसा तिचाच. वकीलबाई म्हणाल्या, नॉमिनीला पैसा सभासद गेल्यावर मिळतो, आणि तो सुखरूप राहावा अशीच आमची इच्छा आहे. कोर्टरूममध्ये मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मग त्यांनी साधा हिशोब मांडला. तो ४१ वर्षांचा. पीएफ हाती येणार ५८ व्या वर्षी, तेव्हा मुलगी २८ ची. एनपीएस साठीला, तेव्हा ती तिशीत. शाळेची फी जूनमध्ये भरायची असते.

तिसरा मुद्दा म्हातारपणाचा, आणि तो खोटा नाही. त्याच्या वडिलांना पेन्शन नव्हती, शेवटच्या आजारपणात सगळं यानेच केलं, हे मी जवळून बघितलंय. माणूस चाळिशीत आला की ही भीती लागते. म्हणूनच वकीलबाईंनी आधी भरल्या जाणाऱ्या पीएफला हात लावला नव्हता. त्या एवढंच म्हणाल्या, की ही काळजी ऑगस्ट २०२४ च्या आधी एकाही महिन्यात दिसत नाही. त्याने हाच व्हीपीएफ लग्न झाल्यापासून भरला असता तर आमचा मुद्दा लंगडा पडला असता, हे मी इथे मुद्दाम लिहिते. नवऱ्याची प्रत्येक बचत म्हणजे पळवाट नसते. जुनी आरडी, एलआयसी, वर्षानुवर्षं चालू असलेली वर्गणी यांच्यावर तुटून पडलं तर कोर्ट आपल्याकडेच संशयाने बघतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये ऑर्डर आली. कोर्टाने पीएफचे ७,२००, व्यवसाय कर आणि ऑगस्टच्या दराने आयकर एवढंच वजा धरलं. व्हीपीएफ, एनपीएससाठी वळवलेला भत्ता आणि पतसंस्थेचा हप्ता हे तिन्ही उत्पन्नात परत मिळवले. अर्ज दाखल झाल्यावर स्वेच्छेने केलेल्या कपातीचा भार अल्पवयीन मुलीवर टाकता येणार नाही, असं कारण दिलं. कर्जाबद्दल मुदत ठेवीची नोंद पुरेशी बोलकी ठरली. माझा २८,००० चा पगारही धरला, मुलीच्या खर्चाचा काही भार आईने उचलायचाच असं म्हटलं, ते मला मान्य आहे. महिना २२,००० मंजूर झाले, अर्जाच्या तारखेपासून. अर्जाच्या तारखेपासून देणं हेही राजनेशच्या निकालातूनच आलेलं आहे. कंपनीला व्हीपीएफ बंद करायला कोर्टाने सांगितलं नाही, आणि सांगावं असं आमचं म्हणणंही नव्हतं. त्याने हवी तेवढी बचत करावी, पण स्वतःच्या वाट्यातून.

आता त्याची अडचण खरी आहे. हाती येतात ५४,१५०, त्यातून २२,००० मुलीला आणि वर थकबाकीचा हप्ता. एप्रिलपर्यंत व्हीपीएफचा आकडा बदलता येत नाही. हायकोर्टात जाणार असं सांगून झालंय, अजून गेलेला नाही. मधल्या काळात सासूबाईंचा फोन आला, "त्याला जेवायला तरी पैसे ठेवा गं." मी त्यांना मुदत ठेवीबद्दल सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं.

ज्या बायका आत्ता अर्ज करायच्या बेतात आहेत त्यांच्यासाठी एक सांगते, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अर्ज करण्याआधी घरात असतील ते जुने कागद जपून ठेवा. मुलीच्या शाळेच्या प्रवेशाला, गाडीच्या कर्जाला, व्हिसाला कधीतरी त्याची स्लिप जोडलेली असते. जुन्या स्लिपवर व्हीपीएफची ओळ आहे की नाही, एवढं बघितलं तरी पुष्कळ. फॉर्म १६ मागताना 'भाग ब'सकट मागा, पहिल्या भागात फक्त टीडीएस असतो. आणि खात्यात जमा होणारा पगार धरून न बसता कंपनीचा वर्षाचा एकूण खर्च, ज्याला सगळे सीटीसी म्हणतात, तो विचारा. तो आकडा एका मेलने कमी होत नाही.

थकबाकीचा हिशोब असा. ऑगस्ट २०२४ ते ऑगस्ट २०२५, तेरा महिन्यांचे २२,००० प्रमाणे २,८६,०००. त्याने महिना ८,००० दिले होते, ते १,०४,००० वजा. राहिले १,८२,०००, सहा हप्त्यांत द्यायचे. पहिले दोन वेळेवर आले. तिसरा आज आलेला नाही, दहा तारीख उलटून गेलीय. वकीलबाईंनी वसुलीच्या अर्जाचा मसुदा करून ठेवलाय. पोटगीच्या वसुलीत पगाराचा एक तृतीयांश भाग सोडून बाकीच्यावर जप्ती आणता येते, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६०. सोमवारपर्यंत वाट बघायची आणि मंगळवारी दाखल करायचा, असं ठरलंय.